तापलेली बातमी आणि पेटणारे गाव

सिंदी (रेल्वे) हे नाव लिहिताना कंस विसरून चालत नाही. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून नागपूर-वर्धा लोहमार्गावरच्या आमच्या गावाला नावातच रेल्वे बाळगावी लागते. नागपूरची वर्तमानपत्रे पूर्वी याच रेल्वेने येत. आता ती रस्त्याने येतात आणि त्यांच्या आधी निम्म्या बातम्या मोबाइलवर येऊन गेलेल्या असतात. पण वर्तमानपत्र वाचण्याची इथली एक रीत अजून जुनीच आहे. कटिंगच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लिलावासाठी खोळंबल्या असताना कुणीतरी एकजण मोठ्याने मथळे वाचतो आणि ऐकणाऱ्यांतला एखादा म्हातारा शेरा मारतो, "पेपर लई तापून राह्यला जी. काईतरी होते आता, पाहा."

हा म्हातारा जे करतो तेच काम आज जगातली काही विद्यापीठे संगणकाकडून करून घेत आहेत. लाखो बातम्या यंत्राला वाचायला द्यायच्या, त्यांच्या भाषेतला राग, भीती, द्वेष मोजायचा आणि कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात रक्त सांडण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधायचा. वेधशाळा पावसाचा अंदाज सांगते तसा हा दंगलीचा, यादवीचा, युद्धाचा अंदाज. कल्पना मोठी मोहक आहे. एखाद्या गावात दंगल होणार हे आठ दिवस आधी कळले तर किती घरे वाचतील! पण तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणताही अंदाज पाहिला की दोन प्रश्न पडतात. तो किती वेळा चुकतो? आणि तो हातात आल्यावर त्याचे कोण काय करतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. आपल्या महाराष्ट्राने हा प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी भोगलेला आहे.

साहेबाचे साप्ताहिक वाचन

मुंबई सरकारच्या दप्तरात इंग्रजी अमलात एक गोपनीय अहवाल दर आठवड्याला तयार होत असे. मराठी, गुजराती, उर्दू अशा देशी वृत्तपत्रांत त्या आठवड्यात काय छापून आले याचे इंग्रजी सारांश त्यात असत. हे काम सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीकडे होते. १८५७ च्या अनुभवानंतर साहेबाला एक धास्ती कायमची लागली होती. लोकांच्या मनात काय शिजते आहे हे आपल्याला कळत नाही, ही ती धास्ती. लोकांचे मन वृत्तपत्रात उमटते, तेव्हा वृत्तपत्र वाचत राहिले म्हणजे पुढचा उठाव आधी दिसेल, असा सरळ हिशेब होता. आजचे यंत्र करते त्याच कामाची ही हाताने चालवलेली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. आज इतिहासाच्या अभ्यासकांना हे अहवाल फार उपयोगी पडतात. प्रश्न एवढाच की, ज्या कामासाठी ते तयार झाले ते काम त्यांनी किती केले?

१८९७ सालचे पुणे घ्या. प्लेगची साथ, घरोघर शिरून झडती घेणारे गोरे शिपाई, लोकांचा संताप. 'केसरी'त त्या संतापाचे पडसाद उमटत होते. १५ जून १८९७ च्या अंकात शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आला, त्यात अफजलखानाच्या वधाची चर्चा होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने दोन तारखा शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष काढला. महिन्याभरात लोकमान्य टिळक अटकेत होते आणि सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. गंमत पाहा. राजद्रोहाच्या कलमातल्या मुख्य शब्दाचा अर्थ ज्यूरीला समजावून सांगताना न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तो 'ममतेचा अभाव' असा केला. म्हणजे लिखाणात सरकारविषयी प्रेम किती आहे, याचे मोजमाप भर कोर्टात झाले. भावना मोजण्याच्या शास्त्राचा आरंभ शोधायचाच असेल तर तो इथेही सापडेल. पण ज्यांनी गोळ्या झाडल्या ते चापेकर बंधू काही वृत्तपत्रांत लिहिणारे नव्हते. सारांश काढणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर त्यांचा कागद कधी आलाच नसता. शहर तापले आहे हे वृत्तपत्राने बरोबर सांगितले होते. गोळी कोण झाडणार आणि कोणत्या रात्री, हे त्यात नव्हते.

अकरा वर्षांनी तेच पुन्हा झाले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. त्यावरच्या 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांवर खटला झाला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले आणि त्या भाषणाचा मोठा भाग सरकारी भाषांतराची चिरफाड करण्यात गेला. मूळ मराठी शब्दाची छटा एक आणि इंग्रजीत उतरलेली दुसरी, हे ते एकेक शब्द घेऊन दाखवत होते. ज्यूरीतील नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवले. हे सातही जण युरोपियन होते, ज्या मराठीवर खटला चालला ती त्यांची भाषा नव्हती. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, रस्त्यावर दगड आले, लष्कराच्या गोळ्या सुटल्या आणि माणसे मेली. हिंसा होऊ नये म्हणून वृत्तपत्राची भाषा वाचली गेली, त्या वाचनावरून संपादकाला उचलले गेले आणि त्या उचलण्यातून मुंबईत रक्त सांडले. अंदाज वर्तवणाऱ्याच्या हातात लाठी असली की तो पाऊस नुसता सांगत नाही, पाडतोही.

यंत्र काय वाचते

आता आजच्या यंत्राकडे येऊ. २०११ साली कालेव लीतारू या अमेरिकी संशोधकाने जगभरच्या बातम्यांचा तीस वर्षांचा साठा संगणकाला वाचायला दिला. नभोवाणी आणि वृत्तपत्रे यांवर लक्ष ठेवून बीबीसीने वर्षानुवर्षे तयार केलेले सारांश त्यात होते. प्रत्येक मजकुरातले बरे शब्द आणि वाईट शब्द मोजून त्याचा सूर काढला. इजिप्तविषयीच्या बातम्यांचा सूर जानेवारी २०११ मध्ये इतका खाली गेलेला दिसला की, आधीच्या तीस वर्षांत तो तेवढा खाली फक्त दोनदा गेला होता, १९९१ आणि २००३ च्या आखाती युद्धांच्या वेळी. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये होस्नी मुबारक यांची सत्ता गेली. निष्कर्ष थक्क करणारा होता, पण लीतारू यांचे हे वाचन मुबारक गेल्यावरचे होते. कर्ज बुडाल्यावर त्या खात्याची फाइल काढली की प्रत्येक इन्स्पेक्टरला बुडण्याची चिन्हे पहिल्या पानापासून दिसतात!

त्यानंतरचे काम अधिक सावध आहे. थॉमस शादफो या अभ्यासकाने २०१४ मध्ये विसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांची सहा कोटींवर पाने तपासली. प्रत्येक आठवड्याचा अंदाज त्या आठवड्यापर्यंतच्या बातम्यांवरूनच करायचा, असा दंडक त्याने पाळला. युद्ध सुरू होण्याआधी तणावाच्या बातम्यांची संख्या झपाट्याने वाढते, हे त्याला आढळले. हानेस म्यूलर आणि ख्रिस्टोफर राउ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सात लाखांहून अधिक इंग्रजी बातम्या वाचवून घेतल्या आणि त्यांचे एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. नुसत्या भडक बातम्या मोजून पुरत नाही. देश स्थिर ठेवणाऱ्या ज्या नेहमीच्या गोष्टी असतात त्यांच्या बातम्यांचे काय झाले, हेही पाहावे लागते. सगळा मजकूर वाचल्यामुळेच त्यांच्या यंत्राला अंदाज साधला. याच जोडीने आणखी एक गोष्ट बजावून सांगितली आहे. जिथे नुकतीच हिंसा झाली तिथे ती पुन्हा होईल हे सांगणे सोपे असते. खरी कसोटी शांत दिसणाऱ्या ठिकाणी लागते.

पहिली गोष्ट बँकेतल्या माणसाला लगेच पटते. शाखेतला व्यापारी बुडायला लागला की तो काउंटरवर येऊन रडत नाही. त्याच्या करंट खात्यात रोज होणारा भरणा आधी आठवड्यावर येतो, मग पंधरवड्यावर. विम्याचा हप्ता चुकतो. नेहमीचे चेक दिसेनासे होतात. आरडाओरडा फार शेवटी होतो. त्याआधी नेहमीचे थांबते.

आता हे यंत्र मराठी वर्तमानपत्रासमोर बसवले तर काय होईल? आमच्याकडे कांदा पेटतो, कापूस पेटतो, ऊस पेटतो आणि पाणी तर दर उन्हाळ्यात पेटते. निवडणुकीचे रणशिंग फुंकले जाते. नेता विरोधकांवर तोफ डागतो, विरोधक आगपाखड करतो, तिकीट न मिळालेला बंडाचा झेंडा फडकावतो. भारत पाकिस्तानचा धुव्वा उडवतो. नगर परिषदेच्या सभेत खडाजंगी होते, तीही नळाच्या तोटीवरून. शब्द मोजणाऱ्या यंत्राने हे वाचले तर वर्धा जिल्हा गेली साठ वर्षे अखंड युद्धात आहे, असा अहवाल ते देईल. उलट खरे विष मराठीत बहुधा थंड डोक्याने, तिरकस विनयाने येते. 'शांतताप्रिय बांधवांनी पुन्हा आपले प्रेम दाखवले' या वाक्यातला एकही शब्द कोणत्याही कोशात वाईट नाही. टिळकांच्या खटल्यातला भाषांतराचा वाद आणि आजच्या यंत्राची अडचण एकाच जातीची आहे.

हजार गावांचा हिशेब

तरी धरून चालू की यंत्र सुधारेल. वादासाठी समजू की ते शंभरातून नव्वद वेळा बरोबर सांगते. ऐकायला फार छान. आता बँकेतला साधा हिशेब करू. आकडे माझे, केवळ उदाहरणासाठी.

समजा हजार गावे आहेत आणि एका महिन्यात त्यांपैकी दहा गावांत दंगल होणार आहे. यंत्र दहापैकी नऊ गावे बरोबर पकडेल. उरलेली ९९० गावे शांत राहणार आहेत, पण त्यांच्याबाबतही यंत्र शंभरात दहा वेळा चुकणार. म्हणजे ९९ शांत गावांवर ते लाल खूण करेल. एकूण खुणा १०८, खऱ्या फक्त नऊ. बारा वेळा लांडगा आला म्हणून ओरड झाली की त्यात एकदा तो खरोखर आलेला असतो. यंत्र चांगले असूनही हे होते, कारण दंगल ही मुळात दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती दुर्मीळ आहे हे आपले भाग्यच.

बँकेत अशी खोटी धोक्याची घंटा वाजली तर नुकसान किरकोळ असते. खात्यावर 'विशेष लक्ष' असा शेरा पडतो, एखादा अधिकारी मोटारसायकल काढून गोदामात चक्कर मारतो, माल मोजतो, चहा पितो, परत येतो. गावावर पडलेल्या खुणेची किंमत फार मोठी असते. जमावबंदी लागते. पूर्वीचे कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले १६३. पोरांना ठाण्यात बसवून ठेवतात. इंटरनेट बंद होते. आठवडी बाजार बुडतो, आणि आमच्याकडे आठवडी बाजार बुडणे म्हणजे भाजी विकणाऱ्या बाईची आठवड्याची मिळकत बुडणे. शिवाय आपल्या गावाकडे सरकार संशयाने पाहते आहे हे कळले की शेजारी शेजाऱ्याकडे तसाच पाहू लागतो. ९९ शांत गावांना वर्षभर असे वागवले तर त्यांतली काही शांत राहणार नाहीत. १९०८ ची मुंबई विसरू नये.

जे छापलेच गेले नाही

दुसरी अडचण याहून खोल आहे. यंत्राला छापलेलेच वाचता येते. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजी मुंबईत पकडले गेले. चळवळीच्या बातम्या छापण्यावर सरकारने बंधने घातली, 'हरिजन' बंद झाला. आणि सातच दिवसांनी, १६ ऑगस्टला, आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला लोक पोलिस ठाण्यांवर चालून गेले. गोळीबार झाला, सत्याग्रही पडले, पोलिसही मारले गेले. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात, तिथे हे होईल असे त्या आठवड्याचे कोणते वर्तमानपत्र वाचून कळले असते? लोकांचे मन त्या दिवसांत भजनांतून, बाजारातून, कानोकानी वाहत होते.

१९४२ ला निदान सरकारी बंधन होते. २००६ ला तेही नव्हते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावातल्याच जमावाने हत्या केली. एवढी भयंकर घटना, पण पहिले काही आठवडे वृत्तपत्रांत तिला तिच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावतीसह विदर्भात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा अनेक वाचकांना प्रश्न पडला की हे अचानक कुठून आले? अचानक काहीच आले नव्हते. ज्या वस्त्यांत ही गोष्ट तोंडोतोंडी पसरत होती त्या वस्त्यांचे वार्ताहर वर्तमानपत्रांत नव्हते. ज्याचे दुःख छापले जात नाही त्याचा रागही यंत्राला दिसत नाही आणि तो रस्त्यावर आला की त्यालाच भडक म्हटले जाते. वृत्तपत्राचा सूर म्हणजे सगळ्या समाजाचा सूर असे मानणाऱ्या प्रत्येक यंत्राने खैरलांजी आधी वाचावी.

एकच वर्तमानपत्र, दोन शहरे

याचा अर्थ भाषेचा आणि हिंसेचा संबंध नाही असा मुळीच नाही. जानेवारी १९९३ मध्ये मी मुंबईच्या एका उपनगरात बँकेच्या शाखेत होतो. रोज सकाळी लोकलमध्ये माणसे वर्तमानपत्र उघडत आणि डबा गप्प होई. काउंटरवर मात्र वेगळेच वर्तमानपत्र वाचायला मिळे. बेकरीवाला, शिंपी, भंगारवाला, हातगाडीवाला, बचत खात्यातले पैसे काढायला रांगेत उभे. गावाकडच्या नावाने ड्राफ्ट मागणारे एकाएकी वाढलेले. कुणी कारण सांगत नव्हते आणि कुणी विचारतही नव्हते.

त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. अहवाल १९९८ साली आला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून ९०० माणसे मेली, असे त्यात नोंदले आहे. माथाडी कामगारांच्या हत्या आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतली जाळपोळ या घटनांची अतिरंजित वर्णने छापणाऱ्या चिथावणीखोर लिखाणाने माथी भडकली, असे सांगताना आयोगाने 'सामना' आणि 'नवाकाळ' या दोन दैनिकांचा नावानिशी उल्लेख केला. हत्या खऱ्या होत्या, चाळीतली माणसे खरोखर जळाली होती. त्या सत्याला पुढे जे शेपूट जोडले गेले त्याने आणखी माणसे मारली.

आता भिवंडीकडे पाहा. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भीषण दंगली पाहिलेले यंत्रमागांचे गाव. १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा भलामोठा अहवाल आहे. जिथे झाली तिथेच पुन्हा होणार, या सोप्या नियमाने डिसेंबर १९९२ मध्ये भिवंडीवर सर्वांत मोठी लाल खूण पडली असती. भिवंडीत तीच वर्तमानपत्रे जात होती, तेच मथळे, तोच सूर. मुंबई जळाली आणि भिवंडी शांत राहिली.

याचे कारण १९८८ पासून तिथे रुजवलेल्या मोहल्ला कमिट्या. पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही समाजांतली साधी माणसे एकत्र बसवली. पुढाऱ्यांना त्यात महत्त्व दिले नाही. बैठका नेमाने व्हायच्या, दंगल नसतानाही. विषय काय तर नवरा-बायकोचे भांडण, गटार, पैशाची देवघेव. वर्षानुवर्षे गटाराबद्दल बोलत आलेल्या माणसांना अफवा आली त्या दिवशी एकमेकांचे दार ठोठावता आले. खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'. मुंबईनेही नंतर हा धडा घेतला. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या दंगलींचा अभ्यास करून २००२ मध्ये जे पुस्तक लिहिले त्याचेही सार असेच आहे. ज्या शहरात दोन्ही समाजांची माणसे संघटनांत, धंद्यात, मंडळांत रोजच्या कामासाठी एकत्र येतात तिथे ठिणगी पडली तरी वणवा होत नाही.

ताजे उदाहरण आमच्या शेजारच्या नागपूरचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला, मार्चच्या आरंभी औरंगजेबावरून विधिमंडळात आणि बाहेर वाद पेटला, कबरीचा प्रश्न रोज पहिल्या पानावर. महाराष्ट्र तापला आहे हे सांगायला यंत्र नको होते. पण तेच मथळे कोल्हापुरात, जळगावात आणि सिंदीतही वाचले जात होते. १७ मार्चला दिवसा आंदोलन झाले, त्यात पवित्र आयती लिहिलेली चादर जाळली अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि संध्याकाळी दगड पडले ते महाल आणि आसपासच्या मोजक्या वस्त्यांत. काही ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. ताप सगळ्या राज्यात आणि आग काही गल्ल्यांत. मधल्या अंतराचे उत्तर वर्तमानपत्रात मिळत नाही, ते त्या गल्ल्यांत मिळते.

घरातल्या वाचकासाठी

मग या शास्त्राचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि यंत्राविना, रविवारी सकाळी चहा घेताना पेपर वाचणाऱ्या घरातही तो करता येतो. रागीट शब्द मोजण्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

पहिली, माणसांना किड्यामुंग्यांची नावे मिळू लागली आहेत का? रवांडात १९९३ च्या जुलैत एक खासगी नभोवाणी सुरू झाली. गाणी छान लावायची, म्हणून लोक ऐकायचे. तुत्सी समाजाला ती झुरळे म्हणू लागली. एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या नभोवाणीच्या आणि एका नियतकालिकाच्या चालकांना दोषी ठरवले. संताप कोणत्याही जिवंत समाजात असतो, असायलाही हवा. माणसाला झुरळ, वाळवी, साप म्हणणे ही संतापाची भाषा नव्हे. तिने मारण्याची परवानगी आधीच दिलेली असते.

दुसरी, बातमीतून नाव, गाव आणि वेळ गळू लागली आहे का? 'अमुक समाजाच्या टोळक्याने', 'असे समजते', 'परिसरात चर्चा आहे'. बँकेत विनासहीच्या व्हाउचरवर पैसे देत नाहीत. विनासहीच्या बातमीवर आपण शेजाऱ्याशी बोलणे का सोडावे? मोबाइलवरचा मजकूर तर बहुतेक विनासहीचाच असतो.

तिसरी, नेहमीच्या बातम्या कुठे गेल्या? कापसाचा भाव, शाळेचा निकाल, कोर्टाचा निवाडा, कीर्तन सप्ताह, तान्ह्या पोळ्यात सजवलेल्या लाकडी नंद्यांसोबत पोरांचे फोटो. ही गावाच्या खात्यातली रोजची उलाढाल. आठ-पंधरा दिवस एकाच विषयाने ही सगळी उलाढाल पानांवरून हुसकावून लावली की समजावे, खात्यावर 'विशेष लक्ष' असा शेरा पडायला हवा.

आणि शेरा पडल्यावर करायचे काय, हा माझा दुसरा प्रश्न. साहेबाने संपादक पकडला. आजचे सरकार इंटरनेट बंद करील. भिवंडीने सतरंजी अंथरली आणि माणसांना बसवले. पहिले दोन उपाय दंगलीच्या आदल्या दिवशी करता येतात. तिसरा आदल्या दिवशी करता येत नाही, त्याला दोन-चार वर्षे गटाराबद्दल बोलावे लागते. म्हणून अंदाज वर्तवणाऱ्या यंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा भाग अशा सतरंज्यांकडे वळवला तर तो बुडीत खात्यात जाणार नाही, असे माझे मत आहे.

घरच्या वाचकाने मात्र सरकारची वाट पाहू नये. आपल्या मोबाइलमध्ये गावातल्या दुसऱ्या समाजातल्या किती घरांचे नंबर आहेत, हे आज एकदा मोजावे. अफवा आली तर खरे-खोटे विचारायला रात्री अकरा वाजता ज्यांना फोन करता येईल, असेच नंबर मोजायचे. दोन-तीनही नसतील, तर पुढच्या पोळ्याची वाट न पाहता एखाद्या घरी चहाला जाऊन यावे.